मधला ठिपका

मिलिंद,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला, तू गेल्यानंतरच्या विधीला, तुझ्या काकांनी माझ्या हातात माइक दिला. भंतेजींचा पाठ आटोपला होता. तुम्हाला नव्या इमारतीत जागा मिळून वर्षही झालं नव्हतं, खालच्या हॉलला अजून रंगाचा वास येत होता, आणि बीडीडी चाळीतले तुझे निम्मे शेजारी पांढऱ्या कपड्यांत दाटीवाटीनं बसले होते. काका म्हणाले, "ह्या त्याच्या ऑफिसातल्या मॅडम. आमचा मिलिंद काय काम करायचा ते त्या दोन शब्दांत सांगतील."

मी उभी राहिले. "मिलिंद फार हुशार होता," म्हणाले, आणि पुढचं वाक्य येईना. माइक खरखरत राहिला. शेवटी बसले. शेजारच्या बाईंनी पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं मला हुंदका आला. हुंदका नव्हता रे. दोन शब्दांत सांगणार काय होते? की हा माणूस एका जुन्या सॉफ्टवेअरचा नकाशा काढत होता, आणि तो नकाशा त्याला तिथून बाहेर पडायला हवा होता? लोकांनी मान डोलावली असती आणि खीर घ्यायला उठले असते.

मी कंपनीत आले तेव्हा तुझं नाव नुसतं 'मिलिंद' नव्हतंच. 'मिलिंदला विचार' असं सबंध नाव होतं. चिंचपोकळीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला दुसऱ्या मजल्यावरचा आपला गाळा, खाली लग्नपत्रिका छापणारा प्रेस, वर पट्ट्यांची बक्कलं बनवणारे. त्यांच्या मशीनची धडधड टेबलातून मनगटापर्यंत यायची. आणि आपलं ते हॉस्पिटलांचं सॉफ्टवेअर! केसपेपर काढण्यापासून डिस्चार्जपर्यंत सगळं त्यात. वीसेक वर्षांत कितीकांनी त्यात आपापला कोड लिहिला आणि निघून गेले. कुणी अमेरिकेला, कुणी हिंजवडीला, एक जण तर देवगडला आंब्याच्या धंद्यात शिरला. मागे उरलास तू. केसपेपरचा नंबर दोनदा पडतोय? मिलिंदला विचार. औषधांचा साठा उणे दाखवतोय? मिलिंदला विचार. तुझी सुजाता अजून सांगते, तुमच्या लग्नाच्या हॉलवरही तुला फोन आला होता आणि तू पांढऱ्या सफारीत, गळ्यात हार तसाच, जिन्याखाली उभा राहून कुणाला तरी काय टाइप करायचं ते सांगत होतास.

पहिल्याच आठवड्यात मी तुला विचारलं, "याचं काही लिहून ठेवलेलं आहे का? कुठला भाग कुठं जोडलाय वगैरे?"

तू कपाळावर बोट टेकवलंस. "इथं."

मी हसले. तू हसला नाहीस.

तुझी खरी ओळख मला लिफ्टमध्ये झाली. त्या इस्टेटची मालाची लिफ्ट, जाळीच्या दरवाज्याची. आपण दोघं आणि प्रेसचे पत्रिकांचे खोके, आणि ती मध्येच थांबली. वरच्या मजल्याची जमीन आपल्या छातीच्या उंचीवर होती. लोकांच्या चपला दिसत होत्या, तोंडं नाही. लिफ्टमन चहाला गेलेला. मी जाळी हलवून ओरडत होते. तू खोक्यावर बसलास आणि म्हणालास, "ओरडून काही होत नाही, वैशे. तो यायचा तेव्हा येईल. बस."

आणि मग, एकमेकांकडे न बघता, तू सांगितलंस. पुण्यातल्या एका संस्थेत तुला संशोधनासाठी घ्यायला तयार होते. तिथल्या मॅडमना तू आपला प्रश्न कळवला होतास: ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलंसुद्धा नाही अशी माणसं वर्षानुवर्षं एकच प्रोग्रॅम लिहीत जातात, तर त्याला आतून आकार कोण देतं? तो आकार कोड वाचून नाही, त्याचं जाळं मांडून दिसेल का? आणि मशीनला शिकवून, तो पुढे कुठं मोडणार हे आधी कळेल का?

"मग जा की," मी म्हणाले.

"कर्णिक सर म्हणतात, तू गेलास तर हे बघणार कोण."

"तो त्यांचा प्रश्न आहे."

"नाही. त्यांचं बरोबर आहे. बघणार कोण?" तू पत्रिकेचा एक खोका बोटानं टोकरत होतास. "पण हे सगळं माझ्या डोक्यातून बाहेर काढता आलं, कुणालाही बघता येईल असं मांडता आलं, तर मग मला ठेवायला कारण उरणार नाही. बरोबर?"

मी म्हणाले, बरोबर. मला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं.

तिथून आपण सुरुवात केली. आधी तू एक छोटा प्रोग्रॅम लिहिलास, सगळ्या फाइली वाचणारा. प्रत्येक फाइल म्हणजे एक ठिपका. एका फाइलनं दुसरीला हाक मारली, म्हणजे तिच्याकडून काही काम करून घेतलं, की दोघींमध्ये रेघ. पहिलं चित्र आलं ते आठवतं? न्हाणीच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता. काही म्हणता काही कळेना. तरी तू परळला जाऊन ते भल्या मोठ्या कागदावर छापून आणलंस आणि बीडीडीतल्या तुमच्या खोलीत जमिनीवर पसरलंस. पलंगापासून मोरीपर्यंत कागदच कागद. माई, तुझी आई, भाजी घेऊन दारात उभ्या. "ह्याच्यावर पाय ठेवायचा का नाय?" त्यांनी विचारलं. सुजाता हसत सुटली. आपण दोघं गुडघ्यांवर बसून पेन्सिलीनं ठिपके ओळखत होतो, आणि माई कडेकडेनं, भिंतीला धरून, स्वयंपाकाच्या ओट्याकडे गेल्या.

मग तू गट पाडायची रीत लावलीस. ज्या ठिपक्यांच्या आपसात रेघा दाट आणि बाहेर विरळ, ते एका रंगाचे. गुंता हळूहळू सुटायला लागला. हिरवी औषधं एका बाजूला, पिवळी बिलं दुसऱ्या, निळे तपासण्यांचे रिपोर्ट. तू त्यांना आळ्या म्हणायला लागलास, गावात सुतारआळी, तांबटआळी असते तशा. "ही औषधांची आळी बघ, किती शहाणी. बाहेर जाणाऱ्या वाटा मोजक्याच. ही पहिली वेगळी काढू." कोडबद्दल इतक्या मायेनं बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी दहा वर्षं या धंद्यात होते. कोड म्हणजे दुसऱ्यानं करून ठेवलेली घाण आणि आपण ती निस्तरायची, एवढंच मला ठाऊक होतं. तुझ्यामुळे मला पहिल्यांदा वाटलं की याला बघण्यासारखं रूप आहे. हे तुला कधी सांगितलं नाही. आपलं बोलणं कायम भांडणातच जायचं.

सगळ्यात मोठं भांडण त्या औषधांच्या आळीवरूनच. माझं म्हणणं, जाळ्यात रेघ असेल तर नातं आहे, नसेल तर नाही. औषधांचा भाग तोडला तर डिस्चार्जच्या कागदांना काही होणार नाही, कारण दोघांत एकही रेघ नाही. तुला ते पटेना. तू म्हणालास, नुसत्या हाका बघू नकोस, इतिहास बघ. गेल्या वीसेक वर्षांत कुठली फाइल बदलली तेव्हा सोबत कुठली कुठली बदलावी लागली, हे सगळं नोंदलेलं होतंच. ते तू एका मॉडेलला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, वाचायला दिलंस. वाचून वाचून ते शिकलं की कुणाला हात लावला की कोण दुखतं. आणि त्या मॉडेलनं सांगितलं, औषधांना हात लावला की डिस्चार्ज दुखणार.

"कसं दुखेल? बोलतच नाहीत ते एकमेकांशी."

"आमच्या मजल्यावर दोन घरं होती, बारा वर्षं अबोला," तू म्हणालास. "पण एकानं नळ सोडला की दुसऱ्याची धार बारीक व्हायची. पाइप एकच होता ना."

"हे चाळीतलं झालं. कोडमधला पाइप दाखव."

"दाखवतो. पण तोवर तोडायचं नाही."

चार-पाच दिवस आपण कामापुरतंच बोललो. मॉडेल आकडा देतं, कारण देत नाही, हा माझा राग होता. कारण नसलेल्या गोष्टीवर मी विश्वास का ठेवावा? तू म्हणायचास, कारण शोधायचं काम आपलं. ते फक्त बोट दाखवतं. शेवटी तू शोधून काढलंस. डेटाबेसमध्ये एक जुनं टेबल, म्हणजे माहितीचा तक्ता, होतं, त्या देवगडवाल्यानं केलेलं. औषधांचा भाग त्यात लिहायचा, डिस्चार्जचा भाग त्यातून वाचायचा. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नाही. रेघ दिसणार कुठून!

त्या दुपारी मी तुला लालबागला जेवायला नेलं, तळलेले बोंबील आणि सोलकढी. तू काटे काढता काढता म्हणालास, "तुझंही चुकीचं नव्हतं हं. नुसत्या इतिहासावर गेलो असतो तर आळ्या दिसल्याच नसत्या." जिंकल्यावर समोरच्याला एवढं देणारा तू एकटाच. मी सोलकढीची दुसरी वाटी मागवली आणि विषय बदलला.

आता सरांबरोबरच्या त्या मीटिंगचं लिहिते.

औषधांचा भाग वेगळा निघाला, नीट चालला. मग तू अजून एक चित्र काढलंस, फाइलींचं आणि माणसांचं. कुठल्या माणसानं कुठल्या फाइलीत किती आणि किती अलीकडे काम केलंय, त्याप्रमाणे रेघा. कडेला आम्ही सगळे बारीक ठिपके, आणि मधोमध एक मोठा. सगळ्या आळ्यांच्या वाटा तिथूनच. मी म्हणाले, "हे सरांना दाखवू नको." तू म्हणालास, "हेच तर दाखवायचंय."

कर्णिक सर वाईट माणूस नाहीत. तेव्हाही नव्हते. तू पडद्यावर चित्र लावलंस आणि म्हणालास, "सर, आता हा मधला ठिपका काढून बघू." कळ दाबलीस. ठिपका गेला आणि जाळं विस्कटलं. आळ्या चारी बाजूंना सरकल्या, काही ठिपके कोपऱ्यात जाऊन एकटे पडले.  

"उद्या मला काही झालं तर हे असं होईल," तू शांतपणे म्हणालास. "म्हणून सहा महिने द्या. चार माणसं द्या. प्रत्येकाला एकेक आळी शिकवतो, आणि मग मला पुण्याला जाऊ द्या."

सर उठून पडद्याजवळ गेले. मग म्हणाले, "मिलिंद, हे तू आधीच दाखवायला हवं होतंस. मला कल्पना नव्हती."

मी टेबलाखाली मुठी आवळल्या. वाटलं, जमलं.

"आपण इतके तुझ्यावर अवलंबून आहोत याची खरंच कल्पना नव्हती," सर म्हणाले. "तुला सोडणं म्हणजे गाळ्याला कुलूप घालणं. तू आता कुठंही जायचं नाहीस."

ते प्रेमानं बोलत होते रे, तेच तर. तुझ्या खांद्यावर हात ठेवून बोलत होते. चारऐवजी दोन माणसं दिली, स्नेहल आणि इम्रान. तुला मोठं पद दिलं, काचेची केबिन दिली. पहिल्या दिवशी तू त्या केबिनमध्ये बसलास तेव्हा मी बाहेरून बघत होते. एसीचा झोत थेट तुझ्या डोक्यावर येत होता आणि तू खुर्ची कुठं सरकवावी हे बघत होतास. कुठंच सरकत नव्हती.

तरी तू जाणार होतास. सरांना तोंडावर सांगितलंस की पुण्याच्या मॅडम वाट बघतायत, मी थांबणार नाही. मी तुझ्या निरोपासाठी पेनसुद्धा घेऊन ठेवलं होतं. आणि मग माईंच्या छातीत दुखायला लागलं.

परळच्या त्या हॉस्पिटलात आपलंच सॉफ्टवेअर होतं. माई कॉटवर, रक्त तपासायला गेलेलं, आणि रिपोर्ट वर येईना. सिस्टर स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "सिस्टीम बंद आहे, आमच्या हातात काही नाही." तू मला फोन केलास. तुझा आवाज ओळखू आला नाही. मग तू व्हरांड्यातल्या बाकावर लॅपटॉप उघडून बसलास. आजूबाजूला आपापले कागद घेऊन उभे असलेले नातेवाईक, त्यातलं कुणाला माहीत नव्हतं की हा बाकावरचा माणूस कोण. तू ते चालू केलंस. एकेक रिपोर्ट यायला लागले. माईंचाही आला, आणि माई वाचल्या.

मी पोचले तेव्हा तू तिथंच बसला होतास. म्हणालास, "मी पुण्याला असतो तर?"

"तर दुसऱ्या कुणीतरी केलं असतं."

"कुणी? नाव सांग."

 पुढच्या सोमवारी तू सरांना सांगितलंस, मी थांबतो.

त्यानंतर तू बदललास असं लोक म्हणतात. मला नाही वाटत. तू तेवढाच मन लावून काम करायचास, स्नेहल-इम्रानला शेजारी बसवून एकेक आळी समजावायचास, त्यांच्या चुका झाल्या तरी हात न लावता बघत बसायचास. फक्त आकाराबद्दल बोलणं बंद केलंस. मी विषय काढला तर म्हणायचास, "चालू आहे ना? मग झालं." नव्या इमारतीत गेल्यावर मी विचारलं, कसं वाटतं एवढ्या वर? तू म्हणालास, "हवा छान आहे. लिफ्ट बंद असली की माई चार दिवस खाली उतरत नाहीत."

शेवटचं भांडण आमच्याकडे झालं, घोडपदेवला. रविवार होता. आईनं तुला मुद्दाम बोलावलं होतं. ताटात बांगड्याची आमटी वाढताना तिचं चालूच होतं, "जेव रे बाबा, किती सुकलंस! ह्येका घालीत जा गो काय तरी हापिसात." तू दोनदा भात घेतलास. आई आत गेली आणि मी सुरू झाले. पुण्याच्या मॅडमनी अजून एकदा विचारलं होतं, हे मला सुजाताकडून कळलं होतं. तू त्यांना उत्तरसुद्धा दिलं नव्हतंस.

"माणसं अडतील, वैशे."

"माणसं अडत नाहीत. चार दिवस ओरडतात, मग शिकतात. तुला तिथं आवडतं, मिल्या. दिवसातून दहा वेळा 'मिलिंदला विचार' ऐकलं नाही तर तुलाच करमणार नाही."

तू ताटातला काटा बाजूला ठेवलास. "असेल," म्हणालास. आणि मग वर बघून, "तू का नाही गेलीस? तुला तर कुणी अडवलं नव्हतं. बेंगळुरूहून तुला दोनदा बोलावणं आलं होतं."

"मला कुठं जायचंय," मी म्हणाले.

 आईनं तेवढ्यात कढी आणली. तू ती प्यायलास, आईच्या पाया पडलास आणि गेलास. दारातून मी "उद्या भेटू" म्हणाले ते नेहमीसारखं.

खरं उत्तर असं होतं की तुझ्यासारखा भांडणारा माणूस बेंगळुरूला मिळाला नसता. कोडच्या एका रेघेवरून पाच दिवस अबोला धरावा आणि सहाव्या दिवशी दोघांचंही थोडं थोडं बरोबर निघावं, असं काम मला परत कुठं मिळालं असतं? एवढंच बोलायचं होतं. तू ओशाळला असतास आणि म्हणाला असतास, बांगडा छान होता.

पुढचे काही आठवडे आपण फक्त कामाचं बोललो. आणि मग त्या सकाळी सुजाताचा फोन आला.

तू गेल्यानंतरच्या सोमवारी एका हॉस्पिटलचं बिलिंग बंद पडलं.  कर्णिक सर केबिनच्या दारात, रिकाम्या केबिनच्या, उभे होते. सगळे त्या बाजूला वळले आणि मग एकमेकांकडे बघायला लागले. स्नेहलनं डोळे पुसले, तुझं मॉडेल उघडलं आणि काय बदललंय ते त्याला दिलं. त्यानं काही फाइलींकडे बोट दाखवलं. इम्रान म्हणाला, "ये तो रिपोर्टवाली गली है, ही बघ, इथून बिलात शिरतं." दोघं वादावादी करत बसले. मी त्यांच्या मागे उभी होते. मला एकदाही बोलावं लागलं नाही. दुपारचा चहा यायच्या आत बिलं निघायला लागली.

मग मी तुझं ते माणसांचं चित्र पुन्हा काढलं. मीटिंगनंतर ते कुणी काढलंच नव्हतं. सरांनी नाही, मी नाही आणि तू तर नाहीच. नवा इतिहास भरला. तुझा ठिपका अजून मधेच होता, पण आता त्याच्या आजूबाजूला दुसरे दोन वाढले होते. आळ्यांच्या वाटा त्यांच्याकडेही जात होत्या. मी कळ दाबली. तू गेलास. जाळं थोडं हललं, आणि थांबलं. तुटलं नाही.

मला वाटलं, हे शेवटच्या आठवड्यातलं असेल. म्हणून मागे मागे जाऊन बघितलं. गणपतीच्या वेळचं काढलं, तुटलं नाही. त्याच्या आधीचं काढलं. गेल्या उन्हाळ्यातच ते तुझ्यावाचून उभं राहायला लागलं होतं. तू त्या दोघांना शेजारी बसवून शिकवत होतास, हात मागे घेऊन त्यांच्या चुका बघत होतास, तेव्हाच कधीतरी तुला बाहेर पडायचं दार उघडलं होतं. दार उघडलंय का, हे बघायची रीत तू स्वतः तयार केलेली. आणि आमच्या घरी तू भातावर आमटी घेत "माणसं अडतील" म्हणालास, तेव्हाही ते उघडंच होतं.

मी ते चित्र बंद केलं. कुणाला दाखवलं नाही.

त्याच संध्याकाळी सरांनी मला बोलावलं. डोळे लाल होते त्यांचे. म्हणाले, "वैशाली, आता तूच. मिलिंदनंतर सगळं तुलाच माहीत आहे." काचेच्या केबिनची चावी त्यांनी टेबलावर ठेवली. मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. चावी अजून माझ्या पर्समध्ये आहे, आणि कालपासून ऑफिसात मी दोनदा ऐकलं, "वैशालीला विचार." तू असतास तर विचारलं असतं, हे बोलणं पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा तुला कसं वाटलं होतं? मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आणि लगेच त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

आज दुपारी सुजाताकडे गेले होते. वर जाताना लिफ्ट चालू होती. माई आत पडून होत्या. सुजातानं तुझा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता, सवयीनं केला असेल. माझं लक्ष गेलेलं बघून तिनं तो उचलला आणि परत तिथंच ठेवला. बराच वेळ आम्ही तुमच्या मुलीच्या शाळेचं बोललो. मग ती एकदम म्हणाली, "रात्रंदिवस ऑफिस, ऑफिस. मी किती भांडले असेन. पुण्याला चल म्हणायचे, आपण सगळेच जाऊ, माईंनाही नेऊ. तर म्हणायचा, माझ्यावाचून अडेल गं तिथं."

मी खाली बघत होते.

"ऑफिसात फार अडलं असेल ना त्याच्यावाचून?" तिनं विचारलं.

मान वर केली तर ती माझ्या तोंडाकडे बघत होती. एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मी काय बोलते यावर तिचं काहीतरी टांगलेलं होतं: तू थांबलास ते फुकट गेलं नाही ना.

"हो," मी म्हणाले. "फार अडलंय गं. कुणालाच काही सुचत नाहीये."

तिनं मोठा श्वास सोडला. पदरानं चेहरा पुसला. आतून माईंनी विचारलं, "काय म्हनतीय ती?"

"ऑफिस अडलंय म्हणते सगळं," सुजातानं मोठ्यानं सांगितलं.

"अडनारच," माई म्हणाल्या.